उमेदवारांच्या बाकावरचे लोपीस सर

मुलाखतीच्या दिवशी आमच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख आपल्या खुर्चीत कधीच सापडत नसत. ते बाहेर व्हरांड्यात, उमेदवारांच्या बाकावर बसलेले असत. मांडीवर प्लास्टिकची फाइल, गळ्यापर्यंत लावलेली शर्टाची बटणं आणि चेहऱ्यावर नोकरी शोधणाऱ्या माणसाचा बापुडवाणा भाव. आत निवड समितीचा चहा गार व्हायचा, प्राचार्य माझ्यावर डोळे वटारायचे, आणि मी, या कॉलेजचा हेडक्लार्क, बाकासमोर उभा राहून दातओठ खात म्हणायचो, “सर, चला आता आत.”

“कितवा नंबर चालू आहे?” ते मलाच विचारायचे.

इनास लोपीस, राहणार नंदाखाल, विरार. उभा जन्म समाजशास्त्र शिकवण्यात गेला. या बाकावर बसण्याला ते ‘सहभागी निरीक्षण’ म्हणत. ज्या लोकांचा अभ्यास करायचा, त्यांच्यातलंच एक होऊन बसायचं, अशी त्यांच्या शास्त्रात एक पद्धत आहे म्हणे. असेल. पण ती कुठे वापरायची याला काही धरबंध? रेशनकार्ड नसताना हे गृहस्थ रेशनच्या रांगेत दीड तास उभे राहिले, का तर भांडण कितव्या माणसापासून सुरू होतं ते बघायला. कळंबला एका लग्नात मुलीकडचे म्हणून घुसले आणि मुलाकडच्यांच्या फोटोत जाऊन उभे राहिले. तो फोटो त्या घराच्या भिंतीवर आजही आहे.

मला या माणसाचा राग यायचा, खोटं कशाला सांगू? एकदा त्यांनी उमेदवारांच्या हजेरीपत्रकावर सातव्या नंबरला स्वतःची सही ठोकली, आणि विद्यापीठाला खुलासा लिहीत बसलो मी. दुसऱ्या वर्षी नांदेडहून आलेल्या एका मुलीने डब्यातली अर्धी दशमी त्यांच्या हातावर ठेवली आणि हळूच विचारलं, “काका, वयाची अट शिथिल झाली का हो?” सरांनी दशमी खाल्ली. पंधरा मिनिटांनी टेबलापलीकडे काकांना बघून ती बिचारी स्वतःचं नाव विसरली.

“नोंद घ्या, जाधव,” सर नंतर मला म्हणाले. “सबंध सकाळीत माझ्याशी माणसासारखं बोललेली ही एकटी.”

‘नोंद घ्या’ हे त्यांचं पालुपद. कोणी रांग मोडली, नोंद घ्या. प्राचार्यांनी शिपायाला अरेतुरे केलं, नोंद घ्या. नोंदी घ्यायला मी होतोच. विभागात शिकवायला मात्र माणूस नेमला जात नव्हता.

सरांच्या जोडीची पूर्णवेळ जागा नऊ वर्षं रिकामी होती. त्या जागेचं सगळं काम वैशाली भोईर करायच्या. चांदीपच्या शेतकऱ्याची मुलगी, सरांचीच विद्यार्थिनी. प्राध्यापकीला लागणारी सेट परीक्षा पास झालेली, वीटभट्टीवरच्या कुटुंबांवर पीएच.डी. केलेली. पण नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासापुरती. परीक्षा संपल्या की नोकरी संपली. जून आला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. ज्या बाईंनी तालुक्यातली पोरंच्या पोरं बी.ए. केली, त्यांना दर वर्षी विचारायचं, तुम्हाला शिकवता येतं का? लाज वाटायला हवी, पण ती वाटायला कोणाला वेळ नव्हता. हजेरीपत्रक पुढे करताना मी त्यांच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो.

यंदा अखेर जागा भरायची परवानगी आली. सर महिनाअखेर निवृत्त होणार होते, म्हणजे ही त्यांची शेवटची निवड समिती. शुक्रवारी मुलाखती. अकरा उमेदवार, आणि बारावे अर्थातच लोपीस सर. त्यांच्या शेजारी कोट घातलेला एक तरुण बसला होता.

“काय वाटतं, होईल का आपलं?” सरांनी त्याला विचारलं.

मुलगा मोकळा निघाला. “अंकल, तुम्ही उगाच टाइम घालवताय. मामा संस्थेचे सेक्रेटरी आहेत. हे सगळं फॉर्म्यालिटी आहे.” आणि सरांच्या पाठीवर थोपटून म्हणाला, “घरी जा, आराम करा.”

थोड्या वेळाने भाचेसाहेब आत आले. टेबलापलीकडे सरांना बघून ओळखीचं हसले. अंकलचंही कुठेतरी जमलं, याचा त्यांना आनंद झाला असावा. सरांनी प्रश्न टाकला, “विरारहून आगाशीला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा कोण कोणाला देतं?”

“सर, मी कारने येतो.”

हाच प्रश्न सरांनी वैशाली मॅडमना विचारला. त्या दहा मिनिटं बोलल्या. टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायका कुठे बसतात, इमारतीत राहायला आलेले लोक त्यांच्याशेजारची जागा रिकामी असूनही उभे का राहतात, आणि कॉलेजच्या मुली कोणाला बघून उठतात. विद्यापीठाहून आलेल्या तज्ज्ञ बाई हातातलं पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता कोण अडवतंय!

अडवणारे समोरच बसले होते. “भोईर बाई चांगल्याच आहेत,” सेक्रेटरी म्हणाले, “पण हा मुलगा स्मार्ट वाटतो.”

लोपीस सर उभे राहिले. बाकावर झालेलं बोलणं त्यांनी शब्दन् शब्द सांगितलं, पाठीवरच्या थोपटण्यासकट. मग म्हणाले, “नोंद घ्या, जाधव.”

“जाधव, हे लिहायचं नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतिवृत्ताची वही माझ्यासमोर. इतकी वर्षं खाली मान घालून काढली होती, आणि त्या क्षणी मला असा संताप आला की मी पेनचं टोपण काढून वही पुढे ओढली. सगळं लिहिलं. अक्षर वाईट आलं.

आता वहीत हे असताना भाच्याच्या नावावर सही करायला तज्ज्ञ बाई तयार होईनात. वैशाली मॅडमच्या नावावर सेक्रेटरी सही करीनात. शेवटी ठराव झाला : योग्य उमेदवार आढळला नाही, जाहिरात पुन्हा द्यावी. योग्य उमेदवार बाहेर बाकावर बसून होती, आणि तिला तो कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

शनिवारी मी इतिवृत्तावर सही घ्यायला नंदाखालला गेलो. सर केळीच्या बागेला लागून असलेल्या ओट्यावर बसले होते. न वाचता सही केली.

“वैशाली रडली का?”

“नाही, सर.”

“खोटं बोलू नका.”

मी वही मिटून पिशवीत घातली.

“मनोरच्या हायस्कुलात तिला कायमची नोकरी लागत होती,” सर म्हणाले. “आठ वर्षं झाली. मीच म्हटलं, थांब, इथली जागा निघतेय. दर वर्षी म्हटलं. मी जगावर ओरडतो, जाधव, पण तिला थांबवलं कोणी? मीच ना?”

कालचा सेक्रेटरींवरचा राग उतरला नव्हता, त्यात आता यांच्यावरही राग आला. आठ वर्षं हे पोटात ठेवून हा माणूस त्या पोरीच्या टिपणांत चुका काढत होता! पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला तो राग धरवेना. मी म्हणालो, “चला, चांदीपला जाऊ.” ते लगेच उठले. स्कूटरवर मागे बसून त्यांनी तासभर मला एक प्रश्न विचारला नाही.

“वैशाले, कोन आलंय बघ गो!” मॅडमची आई अंगणातूनच ओरडली. “बसा मास्तर, पानी घ्या.”

सर बसले नाहीत. मॅडमच्या वडिलांसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “माझं चुकलं. मी तुमच्या मुलीची आठ वर्षं घालवली.” ते म्हातारे गृहस्थ गोंधळून बायकोकडे बघायला लागले.

तेवढ्यात वैशाली मॅडम बाहेर आल्या. डोळे सुजलेले.

“सर, माफी कसली मागताय? बाबा घाबरलेत बघा. मनोरला मी गेले नाही ते माझं मी ठरवलं. मला कॉलेजातच शिकवायचं होतं. जगातलं सगळं तुमच्यामुळेच होतं, असं वाटतं का तुम्हाला?”

लोपीस सरांना कोणी झापल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी मुकाट्याने पाण्याचा तांब्या उचलला.

“जाहिरात पुन्हा निघेल. मी पुन्हा अर्ज करणार,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही समितीत नसाल, तर घरी बसून माझी तयारी करून घ्या. उद्यापासून.”

“उद्या रविवार. चर्चमध्ये मिस्सा आहे.”

“मग मिस्सानंतर येते.”

“ये.” सरांनी तांब्या खाली ठेवला. “पण लगेच उठू नकोस. जेवून जा. बायको गेल्यापासून त्या घरात कोणी जेवायला बसलेलं नाही. मीसुद्धा उभ्यानेच खातो.”

मॅडमच्या आईने पदर खोचला आणि आत जाऊन पाट मांडले. आम्ही तिथेच जेवलो. सरांनी मांडी घालून, सावकाश जेवत, दुसऱ्यांदा भात मागून घेतला.