रेटायचं न्हाय

महानंदा सिस्टरांचा घड्याळावर विश्वास नाही. छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाईन, वापरण्याआधी तिचं तोंड स्पिरिटनं पंधरा सेकंद घासायचं असतं. सिस्टर ते एसटीच्या थांब्यांवर मोजतात. "शिरोली... हेर्ले... चोकाक... अतिग्रे... हातकणंगले!" माहेर हातकणंगल्याचं ना! मी वॉर्डातली नवी नर्स; त्याआधी हात थांबवला, की डोळे वटारतात. "चोकाकला का उतरलीस? घास की!"

आमच्या किमो वॉर्डात सगळे त्यांना अक्का म्हणतात आणि सगळेच टरकून असतात, डॉक्टरसुद्धा. सलाईननं नळी धुताना त्यांचं एकच पालुपद. "थोडं सोड, थांब. थोडं सोड, थांब. रेटायचं न्हाय!" खरं सांगते, कान किटले होते माझे.

त्या रविवारी दुपारी जोतिबावरच्या सुमनमावशी आल्या. गुलाल-खोबऱ्याचं दुकान त्यांचं. हाताच्या शिरा औषधांनी पार गेलेल्या, सगळी भिस्त त्या एका नळीवर. शेवटची किमो तेवढी राहिली होती. मी सिरिंज लावून मागं ओढली, तर रक्त येईना. सलाईनही पुढं जाईना. मावशींनी माझं तोंड बघितलं.

"बंद पडली व्हय गं? आता परत भोक पाडणार? मी न्हाय करून घेणार. घरी जाते मी." आणि खरंच पदर खोचून उठायला लागल्या.

मी घाबरून अंगठ्याचा जोर वाढवला. तोच मनगटावर अक्कांचा पंजा पडला.

"सोड! आत गुठळी असली तर कुठं ढकलतीस ती?"

मी झटकन अंगठा काढला.

अक्कांनी मावशींना दंडाला धरून निजवलं. हात वर करायला लावला. काही नाही. मान फिरवायला लावली. काही नाही.

"आता खोका. जोरात! गिऱ्हाईकाला हाक मारता तसं!"

मावशी खोकल्या. परत खोकल्या. आणि सिरिंजमध्ये काळपट लाल धार उतरली. मला रडूच आलं. अर्ध्या तासात मावशींची किमो सुरू झाली.

नंतर चहा घेताना माझ्या लक्षात आलं, रविवार तर अक्कांच्या सुट्टीचा.

"अक्का, तुम्ही आज कशाला आलात?"

त्या बशीत फुंकर मारत राहिल्या. मग एवढ्याशा आवाजात म्हणाल्या, "आमचे हे गेले. पोरगी तिकडं बेळगावात. घरात दिवसभर तोंड उघडायचं काम न्हाय बघ. हितं मी खोक म्हटलं, की कोणतरी खोकतं तरी."