रोझीचं शेपूट

इसिडोरला घोड्यांतलं सगळं कळतं, असं मढ गावात एकटा इसिडोरच म्हणत असे. पण म्हणे इतक्या खात्रीने, की समोरच्याला वाद घालायची लाज वाटावी. कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून त्याने रोझी नावाची पांढरी घोडी घेतली होती, आणि बंगल्यांत शूटिंगला येणाऱ्या कंपन्यांना तो ती भाड्याने देई.

चौऱ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, एका सोमवारी, अशाच एका कंपनीचा मॅनेजर नंदकिशोर आला.

"शुक्रवारी हिरॉईन घोडीच्या शेपटाची वेणी घालणार आहे. क्लोजअप आहे. शेपूट बरं आहे ना?"

"साहेब, रेशीम आहे रेशीम," इसिडोर म्हणाला आणि त्याने घोडी वळवून दाखवली.

शेपटाच्या बुडाशी भांडी घासायचा काथ्या उगवल्यासारखं दिसत होतं. गेले पंधरा दिवस रोझी दिसेल त्या भिंतीला, दिसेल त्या माडाला मागचं अंग घासत होती. इसिडोरच्या मते ती लाडात आली होती.

"हे रेशीम? मी वांद्र्याहून दुसरा घोडा आणतो."

"चार दिवस द्या साहेब. एकदम झकास करून देतो."

नंदकिशोर गेल्यावर इसिडोरची बायको इनेझ म्हणाली, "हे शूटिंग गेलं तर नाताळात काय करायचं? करणार काय आहेस तू?"

"जंत आहेत. घोड्याचं मला सांगू नकोस."

त्याने पावशेर लसूण वाटला, खोबरेलात कालवला आणि शेपटाच्या मुळाशी चोळचोळून लावला. क्षणभर रोझी विचारात पडल्यासारखी उभी राहिली. मग तिने दावं तोडलं आणि उलट्या पावलांनी थेट शेजारच्या ॲग्नेसच्या अंगणात शिरली. तिथे बांबूंवर बोंबील वाळत होते. घासायला ते बांबू रोझीला इतके पसंत पडले, की पाच मिनिटांत त्यांतला एकही उभा राहिला नाही. बोंबील मातीत, आणि बोंबलांवर गावातली यच्चयावत मांजरं.

ॲग्नेस कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लसूण बोंबलाला लावतात रे, घोडीला नाही."

मंगळवारी गावात कुणाची तरी गाय बघायला मालाडहून डॉक्टर शुभा आल्या होत्या. इनेझनेच त्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी शेपूट उचललं, खालची कातडी इसिडोरला दाखवली. ती लालभडक झाली होती, जागोजागी सोललेली. ते बघून इसिडोरने रोझीच्या मानेवर नुसता हात ठेवला.

"जंत नाहीत, उवाही नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "खाडीवरची चिलटं चावतात हिला. लसूण आधी साध्या पाण्याने धुऊन काढा. मी मलम देते. ऊन उतरायच्या आत हिला आत बांधा, अंगावर पातळ कापड घाला आणि पंखा लावा. वाऱ्यात चिलटांना उडता येत नाही. आणि हे बघा, केसांचं म्हणाल तर..."

केसांचं ऐकायला इसिडोर थांबला नाही. तो पंखा आणायला घरात धावला होता.

घरात टेबलफॅन एकच. इनेझ म्हणाली, "मीही शेपूट घासायला लागू का? मग मिळेल मला वारा?"

पंखा गेलाच, त्यामागोमाग तिचे दोन फुलाफुलांचे गाऊनही गेले. इसिडोरने ते एकमेकांना जोडून रोझीला घातले. घोडीची शेड आखूड होती. रोझीचं तोंड पंख्यापाशी आत, आणि फुलाफुलांचा मागचा भाग बाहेर रस्त्याकडे.

बुधवारी संध्याकाळी ॲग्नेस टोपली घेऊन चालली होती. ती थांबून म्हणाली, "इनेझ, किती वेळ अशी वाकून राहशील गं? कंबर धरेल."

"मी इकडे आहे," इनेझ स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

त्यानंतर दोन दिवस इनेझ नवऱ्याशी बोलली नाही. पण रोझीचं घासणं थांबलं. शुक्रवारी नंदकिशोर आला, तेव्हा घोडी देवळातल्या समईसारखी स्थिर उभी होती.

"बघा साहेब. खाज गेली."

"आणि केस?"

इसिडोरने शेपटाकडे पाहिलं. काथ्या होता तिथेच होता.

"चार दिवसांत केस येतात का रे?" नंदकिशोर म्हणाला. "मला खाज घालवून नको होती. शेपूट पाहिजे होतं."

वांद्र्याचा घोडा टेम्पोतून आला. त्याचं शेपूट जमिनीला टेकत होतं. बंगल्याच्या कुंपणाबाहेर सगळा गाव बघायला जमला. इसिडोरही उभा राहिला, न येण्यासारखं आपलं काही बिघडलेलं नाही अशा चेहऱ्याने.

ऊन उतरलं, खाडीवरून चिलटं आली. हिरॉईनने वेणीचा पहिला पेड घातला, आणि घोड्याने तिच्या हातातून शेपूट ओढून घेतलं. मागे सेटचा प्लायवूडचा संगमरवरी खांब होता. घोडा त्याला टेकला आणि डोळे मिटून घासू लागला. खांब गेला, खांबावरची कमान गेली, कमानीखालून डायरेक्टर पळाला.

"पंखा लावा त्याला," कुंपणावरून इसिडोर ओरडला. "तो हिरॉईनवरचा मोठा पंखा घोड्याच्या मागे फिरवा. अंगावर चादर टाका. लसूण बिसूण लावू नका कोणी."

पंखा फिरला. घोडा दोन मिनिटांत शांत झाला. नंदकिशोर धापा टाकत कुंपणापाशी आला. त्याचा सूरच बदलला होता.

"इसिडोर, आठ दिवस शूटिंग आहे. घोडा सांभाळायला तूच ये. किती वर्षांचा अनुभव आहे तुला या रोगाचा?"

वीस हा आकडा इसिडोरच्या अगदी ओठांवर होता. पण त्याच्या एका बाजूला इनेझ उभी होती आणि दुसऱ्या बाजूला ॲग्नेस, आणि दोघीही उत्तर ऐकायला सरसावल्या होत्या.

"मंगळवारपासून," तो म्हणाला.