वाय-फायनं ठेवलेली सतीशची नोंद

वर्षभरात एकही खाडा न करणाऱ्याला कंपनी मिक्सर देणार होती, आणि सतीशच्या बायकोनं, करुणानं त्यासाठी ओट्यावर जागासुद्धा मोकळी केली होती. सतीशनं अंगात ताप असताना पाळी केली, मेव्हण्याच्या लग्नालाही गेला नाही. (मेव्हणा अजून बोलत नाही.) आता एकच दिवस राहिला होता. नेमकं त्याच सकाळी गड्यानं ठरवलं, चहा होईस्तोवर फोन जरा चार्जिंगला लावू.

शिक्रापुरातल्या खोलीवरून कंपनीच्या गेटवर पोचला, तेव्हा खिसा रिकामा.

एरवी बिघडलं नसतं, पण हजेरी आता वाय-फाय घ्यायचं. पूर्वी अख्ख्या कंपनीला एकच पासवर्ड, तो पानटपरीवाल्यालाही पाठ. मग संगणक विभागात ऋतिका मॅडम आल्या. त्यांनी प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला, वर ज्याच्या त्याच्या फोनात ओळखीचा दाखला घातला. आतला सर्व्हर तिन्ही ताडून बघणार, जुळलं तरच फोनला आत घेणार आणि तिथंच हजेरी लावणार. तीही साडेनऊच्या आत.

सतीशनं वॉचमन हरिबामामांच्या फोनवर आपलं नाव-पासवर्ड टाकून पाहिलं. सर्व्हरनं उंबऱ्यावरूनच हाकललं.

"मॅडम, मी सोता उभा हाय की तुमच्यापुढं," तो काकुळतीला आला.

"तुम्ही आहात हो, दाखला कुठाय? पेन्शनवाल्यांना नाही का, जिवंत असूनही हयातीचा दाखला द्यावा लागतो?"

करुणाला फोन करावा, तर नंबर पाठ नाही. (लग्नाला अकरा वर्षं.) गाडीला किक मारली, ट्रकांच्या गर्दीतून घर गाठलं, तर दाराला कुलूप. शेजारच्या धुरपदामावशी म्हणाल्या, कुठं गेली ठाऊक न्हाई, येईलच. सतीश पायरीवर बसला. साडेनऊ वाजले, साडेअकरा वाजले. मिक्सर गेला म्हणून त्याला खरोखर रडू आलं. शेवटी साहेबांची बोलणी तरी खाऊ म्हणून तो परतला.

गेटवर हरिबामामांनी सांगितलं, "वहिनी नऊलाच फोन घिऊन आल्या. तुमी यीस्तवर कँटिनला बसवलंय त्यास्नी."

फोन आत शिरला होता, म्हणजे हजेरी लागली होती! सतीश हरखला, पण तेवढ्यात ईश्वरसाहेबांचं बोलावणं आलं. साहेबांच्या संगणकावर फोन कुठल्या खोलीत किती वेळ होता, तेही दिसायचं. सतीश, हजर, नऊ पाच. त्यापुढं सलग तीन तास, कँटिन. खरं सांगून टाकायला त्यानं तोंड उघडलं.

"घाबरताय कशाला?" साहेब हसले. "रोज चार तास असता कँटिनमध्ये. आज तीनच. सुधारलात."

सतीशनं मागं पाहिलं. दारात त्याचा फोन घेऊन करुणा उभी होती.

"आन् रोज रात्री दमलो म्हणून पाय चेपून घेता व्हय?" ती एवढंच बोलली.

मिक्सर मिळाला. ओट्यावर खोक्यातच आहे. वाटण पाट्यावरच होतं आणि ते सतीश वाटतो.