आमच्यात बसत नाही

अमेरिकेतल्या शुगर लँड गावात सिंधूमावशी घरून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. म्हणजे घेतात कमी, परत पाठवतात जास्त. साखरेची पोळी मागितली, "आमच्यात बसत नाही." मोदकात चॉकलेट, "आमच्यात बसत नाही." एका डॉक्टरांनी पोळीबरोबर केचप आहे का विचारलं, तर त्यांची ऑर्डरच कॅन्सल केली.

धर्माचं कारण देऊन दुकानदार गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकतो का, यावर इथे खटले चालतात, हे टीव्हीवर कळलं तेव्हा मावशी हरखल्या. गुळाचा आग्रह धर्मात मोडतो का, हे त्यांनी देवळातल्या गुरुजींनाही विचारलं. गुरुजींनी हवापाण्याचा विषय काढला.

मग माझ्या निखिलचं डॅनियलशी लग्न ठरलं. हॉलच्या मालकानं दोन्ही नावं वाचली आणि हे आपल्या श्रद्धेत बसत नाही, असं गोड बोलून आम्हाला वाटेला लावलं. कायदा कोणाच्या बाजूनं, हे वकिलालाही छातीठोक सांगता येईना. निखिल म्हणाला, "लीव्ह इट, आई." त्याचा आवाज मात्र लहानपणी पडून आल्यावर यायचा तसा होता.

पोळ्यांची ऑर्डर द्यायला मी मावशींकडे गेले ती धास्तावूनच. पुरण वाटता वाटता त्यांनी सगळं ऐकलं. आता ते नेहमीचे तीन शब्द येणार म्हणून मी पर्स उचलली.

"पुरण गुळाचंच होईल," त्या म्हणाल्या. "आणि लग्न माझ्या बॅकयार्डात करा. दारी आलेल्याला हाकलणं कुठल्या धर्मात बसतं गं?"

मला केचपवाले डॉक्टर आठवले. पण मी पर्स खाली ठेवली.

लग्नाला डॅनियलची आई आली नाही. तिला हे मान्य नव्हतं. मांडवात त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी राहिली आणि तो सारखा तिकडेच बघत होता. मावशी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, कोणालाही न विचारता त्या खुर्चीत बसल्या.

आमच्याकडे वरमाईचे पाय धुतात. मी तांब्या आणि ताम्हन घेऊन पुढे झाले. मावशींना मूलबाळ नाही. जन्मभर लोकांच्या लग्नांत त्या वाढायलाच उभ्या राहिल्या.

"अगं, राहू दे. पायांना पीठ लागलंय," त्या पुटपुटल्या.

पाय मात्र त्यांनी मागे घेतले नाहीत.