चेंडू जागेवर, सही फरार

"माझं नाव ऐकलं की गुन्हेगारांना घाम फुटतो. मी माणसाच्या चपलेवरून त्याचा स्वभाव ओळखतो, स्वभावावरून धंदा ओळखतो आणि धंद्यावरून गुन्हा. माझ्या मेंदूला सुटी नसते. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, आणि सुटलीच तर ती मी मुद्दाम सोडलेली असते."

वरचा मजकूर माझा नाही, माझ्या दाजींचा आहे. प्रत्येक तपासाची हकिकत याच ओळींनी सुरू झाली पाहिजे अशी त्यांची अट आहे. मी ती पाळतो, कारण माझी एकुलती एक बहीण त्यांच्या घरात नांदते. बाकी गुन्हेगारांना दाजींचं नाव माहीत नाही. समोरच्या बिऱ्हाडालाही नाही. दाजी शाळांचे फळे बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. फळा काळा झालाय की नाही हे बघायचं आणि मागे शिक्का मारायचा, एवढंच काम. नोकरी संपली, तपासनीसपण राहिलं. ते आता आमच्या अंगावर आहे.

आणखी एक सांगून टाकतो. रहस्यकथा लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. त्यांच्या गोष्टीतला मदतनीस सारखा थक्क होत असतो. मी आजवर एकदाही थक्क झालेलो नाही. मला फक्त भूक लागते.

तर त्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतला चष्मेवाला धापा टाकत आला. दाजी तेव्हा दुधाच्या पातेल्याजवळ उभे राहून साय कुणी खाल्ली याचा तपास करत होते. साय त्यांनीच खाल्ली होती, पण ते इतक्यात निष्कर्षाला यायला तयार नव्हते.

"साहेब, सही गेली," चष्मेवाला म्हणाला.

"कुठल्या कागदावरून?"

"कागद नाही हो. चेंडूवरून."

दाजींनी पातेलं माझ्या हातात दिलं आणि पायात चपला सरकवल्या. वाटेत चष्मेवाल्याने सगळं सांगितलं.

बास्केटबॉल खेळणाऱ्यांत एके काळी शिडी या खेळाडूचं मोठं नाव होतं. कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय आत येता येत नसे, म्हणून शिडी. त्याच्या शेवटच्या सामन्याला चष्मेवाला पहिल्या रांगेत होता. शिडी मैदानातून बाहेर आला, त्याने हातातल्या चेंडूवर ऐटीत सही केली आणि समोर जो होता त्याला चेंडू दिला. समोर चष्मेवाला होता. तेव्हापासून तो चेंडू त्याच्या दुकानात काचेच्या कपाटात आहे. गिऱ्हाईक चष्मा बघायला येतं आणि आधी अर्धा तास चेंडू बघतं.

"आणि आता शिडीदादाचे हात थरथरतात," चष्मेवाला म्हणाला. "पेन धरवत नाही. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, तुझ्याकडे माझी सही आहे ना, मला एकदा बघायचीय. मी ती कशी करायचो तेच विसरलोय. आज संध्याकाळी येतोय तो. आणि सकाळी दुकान उघडून बघतो तर चेंडू कोरा. मी त्याला काय सांगू, साहेब? तुझी सही हरवली, दुसरी कर?"

मला त्याची दया आली, कारण असा माणूस दाजींकडे आला होता.

दुकान अरुंद होतं आणि दोन्ही भिंतींना आरसे. दाजी आत शिरले आणि एकदम नऊ दाजी झाले. मला एक सोसवत नाही. मागच्या भिंतीला, डोळे तपासायच्या खुर्चीच्या वर, काचेचं कपाट होतं. त्यात खोलगट लाकडी वाटी आणि वाटीत बसवलेला तांबूस चेंडू. समोरून कोरा करकरीत.

"कपाटाचं दार उघडा," दाजी म्हणाले. "पण चेंडूला कुणीही हात लावायचा नाही. ठसे पुसले जातील."

"हात लावायचा प्रश्नच नाही," चष्मेवाला दुखावल्यासारखा म्हणाला. "हाताचं तेल शाई खातं. मी पांढरे हातमोजे घातल्याशिवाय त्याला कधी शिवत नाही. आणि हातमोजे काल धुतलेत. ते वाळतायत."

मागच्या दोरीवर दोन हातमोजे टांगलेले दिसले. कुणीतरी शरण आल्यासारखे.

तेवढ्यात चष्मेवाल्याची बायको फडकं घेऊन आली आणि कपाटात हात घातला. दाजी आणि चष्मेवाला एकदम ओरडले. ती हात तसाच मागे घेत म्हणाली, "बरं बाबा. बसू द्या धुळीत."

दाजींनी तिच्याकडे रोखून बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "चेंडू बदललाय. खरा गेला, त्या जागी तसाच दुसरा आला. आणि कुणी आणला ते माझ्यासमोर उभं आहे."

"दाजी, त्या वहिनी आहेत."

"गुन्हेगार कुणाची तरी वहिनी असतेच." मग तिला म्हणाले, "बाई, तुमचा या चेंडूवर राग होता?"

"होता नाही, आहे. त्या कपाटात लहान मुलांच्या सगळ्या फ्रेमा मावल्या असत्या."

"कबुली," दाजी मला म्हणाले.

"अहो, पण मी चेंडू पळवला असता तर त्या जागी दुसरा कशाला आणून ठेवीन? फ्रेमाच ठेवीन ना?"

"बाई फार हुशार आहे," दाजी मला म्हणाले. "संशय वाढला."

पण चष्मेवाला कपाटाला नाक लावून बघत होता. हवा भरायच्या भोकाशेजारी एक ओरखडा होता. तो त्याच्या रोजच्या ओळखीचा. चेंडू तोच होता, शंकाच नको. दाजींचा पहिला सिद्धांत तिथे वारला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांच्याकडे साठा असतो.

"म्हणजे चेंडू तोच, सही पुसलेली," ते म्हणाले. "कशाने? काच पुसायच्या पाण्याने. ते कुठे असतं? इथेच. सगळ्या बाटल्या काढा."

बाटल्या निघाल्या. दाजींनी एकेक हुंगली. पुराव्यावर प्रयोग करायचा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशावर काळ्या जाड पेनाने सही केली आणि त्यावर फवारा मारला. शाई गेली नाही. ती पसरली, खिशातून बाहेर पडली आणि पोटाच्या दिशेने निघाली. सदरा माझ्या बहिणीने सणवार नसताना, नुसत्या हौसेने घेतलेला होता. त्या गुन्ह्याचा निकाल घरी लागणार होता आणि तिथे वकील चालत नाही.

हुंगण्याने दाजींना गरगरायला लागलं. त्यांना डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. ते समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सापडलं. सही चेंडूवरच आहे. आपल्याला ती दिसत नाहीये."

"कुणालाच?" मी विचारलं.

"ज्यांचे डोळे अधू आहेत त्यांना. सगळ्यांचे डोळे तपासा."

तपासले. चष्मेवाल्याचे ठीक, बायकोचे ठीक, माझे ठीक. दाजींना तिसऱ्या ओळीच्या खालचं काही दिसत नव्हतं.

"अक्षरांची मांडणीच संशयास्पद आहे," दाजी म्हणाले.

"साहेब, तुम्हाला चष्मा लागलाय. बरीच वर्षं झाली असावीत."

म्हणजे ज्या नजरेतून मुंगी सुटत नव्हती तिला हत्तीही धूसर दिसत होता. बहिणीने या माणसाला होकार दिला तेव्हा घरात मी एकटाच ओरडलो होतो. ते जाऊ दे.

दुपार कलली. चष्मेवाल्याने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. तो स्टुलावर बसला होता आणि दाराकडे बघत होता. "खरं सांगून टाकतो," तो बायकोला म्हणाला. "म्हणतो, सांभाळता आली नाही."

"माणूस आहे तो. समजून घेईल," ती म्हणाली.

"समजून घेईल गं. तेच नकोय मला."

यावरही दाजींकडे बोलायला होतं. ते खुर्चीतून उठले आणि नऊच्या नऊ दाजींनी बोट वर केलं.

"ही सही कुणाच्या उपयोगाची? विचार करा. ज्याच्याकडे ती उरली नाही, त्याच्या. त्याला ती परत हवी होती. परवाचा फोन म्हणजे टेहळणी. काल रात्री कुलूप उघडलं, आज संध्याकाळी साळसूद चेहरा. गुन्हेगार स्वतःच्या पायाने इथे चालत येणार आहे."

"शिडीदादाने स्वतःची सही चोरली?" चष्मेवाला म्हणाला.

"मी नाव घेतलेलं नाही."

"दाजी," मी म्हणालो, "त्या माणसासमोर तुम्ही हे बोललात तर मी नातं बघणार नाही."

दारात अंधार झाला. शिडी वाकून आत येत होता. केस पांढरे, खांदे अजून तसेच रुंद, हात मात्र दोन्ही बाजूंना बारीक बारीक हलत होते, गाडी चालू ठेवून थांबावं तसे. चष्मेवाला उठला. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"दादा, बसा. नाही, म्हणजे बसायच्या आधी एक सांगायचंय. तुमची सही..."

शिडीचं लक्ष नव्हतं. कपाट उघडं होतं आणि आत चेंडू होता. आयुष्यभर चेंडू खेळलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. तो दोन ढांगांत तिथे पोचला, दोन्ही हात घातले आणि चेंडू उचलला.

"ठसे," दाजी म्हणाले.

"तेल," चष्मेवाला म्हणाला.

शिडीने चेंडू दाबला, तळव्यात फिरवला, शिवण बोटांना लागेपर्यंत उलटा केला. वाटीत दडलेली बाजू वर आली. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीभोर सही होती.

"ही बघ की," शिडी म्हणाला. "हवा मात्र पार गेलीय रे. किती वर्षांत भरली नाहीस?"

चष्मेवाल्याने एकदाही भरली नव्हती. आतली हवा त्या सामन्याची होती, ती कशी बदलायची, असं त्याचं म्हणणं. चेंडू हळूहळू मऊ पडला, एका अंगाला बसला आणि रात्री कधीतरी वाटीतल्या वाटीत कुशीवर वळला. झालेली चोरी एवढीच. दिवसभर चार शहाणी माणसं त्याच्यासमोर उभी होती आणि एकाला ठसे जपायचे होते, एकाला शाई. ते दोघे राहू द्या. मला कुणी अडवलं होतं, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

"पण दादा, ती त्या दिवशीची हवा होती," चष्मेवाला म्हणाला.

"त्या दिवशीही कमीच होती. म्हणून तर हरलो."

वहिनींनी सायकलचा पंप आणला, कुठून तरी सुई शोधली. शिडी मात्र खुर्चीत बसून सहीवरून बोट फिरवत होता. वर जायचं, वळसा, खाली, पुन्हा वळसा. बोट थरथरत होतं तरी वाट सोडत नव्हतं. उघडं बोट थेट शाईवर होतं आणि चष्मेवाला ते बघत होता. हातमोजे मात्र दोरीवरच राहिले.

"पेन दे," शिडी म्हणाला.

चष्मेवाल्याने दाजींच्या खिशाचं वाटोळं करणारं तेच पेन दिलं. शिडीने चेंडू मांडीत धरला आणि जुन्या सहीखाली नवी सुरू केली. फार वेळ लागला. आम्ही सगळे इकडेतिकडे, फ्रेमांकडे बघत होतो. झाली तेव्हा ती सही नव्हती. एखाद्या बसमध्ये उभं राहून कुणीतरी डोंगर काढले होते.

दाजी पुढे झाले. भिंग काढलं. दोन्ही सह्यांवरून फिरवलं. मी त्यांचा सदरा ओढला, पण उशीर झाला होता.

"वरची खरी," दाजी म्हणाले. "खालची बनावट. आणि करणारा याच खोलीत आहे."

शिडीने त्यांच्याकडे खालून वरपर्यंत बघितलं, शाईच्या पोटापाशी थोडा थांबला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हातांची थरथर वर चढली. तो हसत होता.

"बँकवालेही हेच म्हणतात," तो म्हणाला.

मग आम्ही सगळेच हसलो. दाजी सोडून. त्यांना यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

शिडी गेल्यावर चष्मेवाल्याने हवा भरलेला टणक चेंडू वाटीत ठेवला. ठेवताना त्याने तो फिरवला आणि थरथरती सही समोर आणली. जुनी आता मान तिरपी करून बघावी लागते.

दाजींनी चष्मा केला नाही. त्या दुकानासमोरून जाताना मात्र ते अजून थांबतात, डोळे बारीक करतात आणि मला म्हणतात, "बघ. बनावट माल, आणि तोही कसा समोर मांडून ठेवलाय."