दुपट्ट्याखालचा पाठ

माणूस जन्मभर बोलतो आणि त्यातले बहुतेक बोलणे वाया जाते, ही राष्ट्राची फार मोठी हानी आहे. पाणी वाया जात असेल तर बांध घालता येतो, शेण वाया जात असेल तर खत करता येते. पण चार माणसे ओट्यावर बसून जे बोलतात त्याचे पुढे काहीच होत नाही, ही गोष्ट नव्या महाराष्ट्र राज्याला परवडण्यासारखी नव्हती. जिल्हा परिषदा नुकत्याच स्थापन झाल्या होत्या आणि जो तो काहीतरी करून दाखवायच्या तयारीत होता. अशा शुभ वेळी 'नित्यसंभाषण सदुपयोग योजना' जन्माला आली. (ती कोणत्या खात्याची होती हे शेवटपर्यंत त्या खात्यालाही ठरवता आले नाही, म्हणून नाव देत नाही.)

योजनेमागचा विचार साधा आणि थोर होता. प्रौढांना शिकवायचे आहे, पण पुस्तके आलेली नाहीत. पुस्तके आलेली नाहीत, पण प्रौढ बोलत आहेत. तेव्हा त्यांचेच बोलणे उतरवून घ्यावे, ते स्वच्छ करावे, त्याला बोध आणि प्रश्न जोडावेत आणि त्यांनाच शिकवावे. जे पास होतील त्यांना प्रमाणपत्र द्यावे. प्रमाणपत्र मिळालेल्यांना पुढे शिपाई, पहारेकरी, कोतवाल आणि नशीब जोरावर असल्यास सोसायटीचा चिटणीस होण्याची वाट मोकळी करावी. म्हणजे माणसाने फक्त बोलायचे आणि बोलता बोलता वर जायचे. याहून सोपी उन्नती मी तरी पाहिलेली नाही.

मी या योजनेचा संघटक होतो. मला उंद्रीच्या पलीकडचे एक गाव मिळाले आणि राहायला उकंडरावांच्या घराची ओसरी मिळाली. उकंडराव हे बैलबाजारातले दलाल. डोणगाव असो की पिंपळगाव राजा, बैल विकला जातो तिथे हा माणूस हजर. बैलाचा सौदा कसा होतो हे शहरातल्या वाचकांना ठाऊक नसते. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेतात, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकतात आणि आत बोटे दाबून भाव ठरवतात. तोंडाने त्या वेळी पाऊसपाणी, सोयरीक, गुडघ्याचे दुखणे असे काहीही चालू असते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला बोलणे सगळे ऐकू येते, सौदा ऐकू येत नाही. ही पद्धत शासकीय दृष्टीने आक्षेपार्ह आहे, असे मी पहिल्याच अहवालात कळवले होते.

ओसरी आणि चुलीची खोली यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. (कुड हे शिक्षणाचे उत्तम साधन आहे. विटांच्या घरातली माणसे मागे का राहतात याचा विचार व्हावा.) त्या कुडातून पहिल्याच बाजाराच्या संध्याकाळी पुढील साहित्य प्राप्त झाले. सुरुवात उकंडरावांच्या पत्नी रुखमाबाई यांनी केली.

"काऊन हो, आज बी मीठ नाही आनलं?"

"इसरलो."

"माही तरी याद राह्यते का बाजारात?"

"तुले इसराचं म्हनलं तं गावच सोडा लागन मले."

"सोडा मंग. जातानी मीठ तेवढं ठिवून जा."

यानंतर दोघेही बराच वेळ हसत होते. (हसण्यासाठी खात्याच्या नोंद-तक्त्यात रकाना नसल्याने ते घेतलेले नाही.)

यातून 'पाठ चौथा : मिठाचे महत्त्व' तयार झाला. स्वच्छ केलेल्या संभाषणात रुखमाबाई "पतिराज, आपण आज मीठ आणलेत काय?" असे विचारतात आणि उकंडराव "ते माझ्या स्मरणातून गेले" असे सांगतात. बोध : गृहस्थाने खरेदीच्या वेळी स्मरणशक्तीचा यथायोग्य उपयोग करावा. प्रश्न : उकंडरावांना गाव का सोडावे लागेल? नमुना उत्तर : मिठाची बाजारपेठ गावापासून दूर असल्यामुळे. या उत्तरावर मी दोन दिवस खर्च केले होते आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पाठ गाजला. तालुकाभर शाळांतून, चावड्यांतून लोक मिठाबद्दल एका सुरात बोलू लागले. आमच्या गावावर तर योजनेचा परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा झाला. कडूबाला कोतवाल व्हायचे होते, म्हणून तो म्हशीशीसुद्धा बोधपर बोलू लागला. विहिरीवर बाया भेटल्या की आधी मी कुठे आहे ते बघून घेत आणि मग "सांडपाण्याची विल्हेवाट" या विषयावर दोन वाक्ये बोलून घागर उचलत. ज्यांना नोकरी नको होती ते नुसतेच गप्प बसले. पारावर कोणी तोंड उघडले की दुसरा त्याला म्हणे, "चूप बैस बे, धडा होऊन जाईन." पहिल्या तिमाहीत गावातले एकूण बोलणे निम्म्यावर आले, भांडणे दोन आण्यांवर आली आणि गुपिते सोळा आणे सुरक्षित झाली, कारण ती कोणी कोणाला सांगेना. थट्टामस्करीत किती घट झाली ते काढता आले नाही. ती पूर्वी किती होती याची कोणी नोंदच ठेवली नव्हती.

उकंडरावांची तर चढतीच झाली. खात्याने त्यांना 'संभाषण प्रात्यक्षिककार' नेमले आणि छातीवर लावायला पितळी बिल्ला दिला. ते गावोगाव जाऊन लोकांसमोर मीठ विसरू लागले. माणूस हौशी, टाळ्यांची चटक लागली. हळूहळू ते घरीही शुद्ध बोलू लागले. पाठाचा बोध त्यांनी इतका मनावर घेतला की दर फेरीला मीठ येऊ लागले. "रुखमाबाई, मी मीठ आणले आहे," असे म्हणून ते पिशवी ठेवत आणि पाटावर ताठ बसत. त्यावर रुखमाबाईंना बोलायला काही उरत नसे. घरातले डेरे मिठाने भरले, मग माठ भरले, मग शेजारच्या गोजरबाईंचे डेरे भरले. कुडापलीकडून मला नुसता भाकरी थापल्याचा आवाज येई.

एक दिवस रुखमाबाई ओसरीवर आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"गुरुजी, माहा बुढा तुमी कुठी ठिवला?"

मी म्हणालो, उकंडराव आत जेवत आहेत.

"तो जो जेवून राह्यला तो चांगला मानूस हाये. मीठ आनते. पन माह्या घरातला जो होता ना, चिडवे मले, तो नाही दिसून राह्यला लय दिवस झाले."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी त्यांना समजावून सांगितले की प्रगती म्हणतात ती हीच. मग त्या आत गेल्यावर ते संभाषण 'पाठ अकरावा : घरी आलेल्या पाहुण्याचे स्वागत' या नावाने पूर्ण केले.

पुढे तोंडी परीक्षा घ्यायला निरीक्षक हिंमतराव साहेब आले. रुखमाबाईंच्या वाट्याला, अर्थातच, पाठ चौथा आला. गावकऱ्यांनी समाधानाने माना हलवल्या. साहेबांनी विचारले, उकंडरावांना गाव का सोडावे लागेल?

"काही सोडा नाही लागत, साहेब. ते चिडवून राह्यले होते मले."

"उत्तर चूक आहे."

"मीच तं होती तिथी, साहेब."

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, तिथे असणे हा अभ्यासाला पर्याय नाही."

रुखमाबाई नापास झाल्या. नापास उमेदवाराच्या तोंडी पाठ्यसाहित्य ठेवणे नियमात बसत नाही. त्यामुळे रुखमाबाई हे पद त्याच दिवशी रिकामे झाले. ते भरण्यासाठी चिखलीच्या सुभद्राबाई नेमल्या गेल्या. त्यांनी पाठ चौथ्यात पहिला वर्ग मिळवला होता. वर्तन चांगले, आवाज खणखणीत, 'मीठ' हा शब्द विशेष स्पष्ट. यापुढे उकंडरावांना मीठ विचारण्याचा अधिकार जिल्ह्यात फक्त त्यांना होता. रुखमाबाईंनी भाकरी थापायला खात्याची हरकत नव्हती.

नव्या नेमणुकीचे पहिले प्रात्यक्षिक आमच्याच गावी चावडीपुढे झाले. साहेब खुर्चीवर, गाव जमिनीवर, बाया एका अंगाला, आणि त्यांच्यात अगदी कडेला, तोंड भिंतीकडे करून रुखमाबाई. सुभद्राबाई पुढे झाल्या. "पतिराज, आपण आज मीठ आणलेत काय?" इतके निर्दोष वाक्य त्या गावात पूर्वी कोणी ऐकले नसेल.

आता पाळी उकंडरावांची. मी हळूच सुचवले, "ते माझ्या स्मरणातून..." त्यांनी माझ्याकडे पाहिले, सुभद्राबाईंकडे पाहिले, मग भिंतीकडे तोंड केलेल्या त्या लुगड्याकडे पाहिले. आणि व्यासपीठ सोडून ते सरळ बायांच्या बाजूला चालत गेले. रुखमाबाईंपुढे उकिडवे बसले.

"हात दे."

"लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. दुपट्टा हाये ना."

चारचौघांत बायकोचा हात धरणे ही आमच्याकडे न होणारी गोष्ट. पण दुपट्टा पडल्यावर तो सौदा होतो, आणि सौद्यात कोणी मधे पडत नाही. त्यामुळे सगळे गाव नुसते बघत राहिले. वरून बोलणे चालू झाले.

"यंदा पानी बरं हाये."

"हाव."

"तूर?"

"बरी हाये."

दुपट्टा मधूनमधून हलत होता. रुखमाबाईंनी एकदा मान हलवली. "नाही. एवढ्यात नाही पटत." उकंडरावांच्या कपाळावर घाम आला, जन्मभर दलाली केलेल्या माणसाला स्वतःचा सौदा जड जात होता. दुपट्टा पुन्हा हलला. मग रुखमाबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता पटलं." दोघे उठले आणि घरी गेले. मला त्या वेळी, खात्याची कोणतीही परवानगी नसताना, भरून आले.

साहेबांनी विचारले, "काय संभाषण झाले?" मी म्हणालो, पाऊस बरा आहे, तूर बरी आहे. "ते वरचे. आतले?" आतले कळावे म्हणून बाजारातले सगळे दलाल चावडीवर बोलावण्यात आले. त्यांनी एकमुखाने सांगितले की दुसऱ्याच्या दुपट्ट्यातले कोणी विचारत नसते. शेवटी त्या संभाषणाचा पाठ मजकुराविना मंजूर झाला. शीर्षक आहे, बोध आहे, प्रश्न आहेत, मधली जागा कोरी आहे. त्या पाठात आजवर कोणी नापास झालेले नाही.

गावाने मात्र नको तो धडा घेतला. आठवड्याच्या आत सासवा-सुना पदराखाली हात घालून बसू लागल्या. कडूबा तर म्हशीच्या कानावर दुपट्टा टाकून उभा असे. पेन्सिल घेऊन हिंडण्यात अर्थ उरला नाही आणि माझी बदली झाली.

निघायच्या आदल्या दिवशी बाजार होता. मी ओसरीवर सामान बांधत होतो. उकंडराव आले. त्यांच्या छातीवर बिल्ला नव्हता. घरात मिठाने भरलेले तीन डेरे उभे होते, हे ध्यानात ठेवावे. कुडापलीकडून आवाज आला.

"काऊन हो, मीठ नाही आनलं?"

"इसरलो."

आणि मग ते सुरू झाले, ज्याला तक्त्यात रकाना नव्हता. मी पेन्सिल काढली, कारण माणूस बदली झाली तरी सुधारत नाही. वाचकांनी आतापर्यंत जे वाचले तो त्या योजनेचा शेवटचा पाठ होय. ही गोष्ट आहे असे समजून वाचला असेल तर तो आपला दोष. परीक्षा सर्वांनाच लागू आहे.

प्रश्न : घरात तीन डेरे मीठ असताना रुखमाबाईंनी मीठ का मागितले?

नमुना उत्तर : भविष्यकाळातील टंचाई लक्षात घेऊन.

ज्यांच्या मनात दुसरे काही उत्तर आले ते नापास आहेत. ज्यांचे उत्तर जुळले त्यांचे खात्यातर्फे अभिनंदन. त्यांच्या घरी मीठ वेळेवर येत असेल.