वेणीची परीक्षा

आमचे डॉक्टर सबनीस खांद्याचं ऑपरेशन ठरवण्याआधी नवऱ्याला बायकोची वेणी घालायला लावतात. भर दवाखान्यात. मी त्यांच्या परळच्या दवाखान्यात पेशंटकडून व्यायाम करून घेतो, त्यामुळे हा तमाशा मला फुकट बघायला मिळतो.

स्नायूला हाडाशी बांधणारं खांद्याचं टेंडन मोठं फाटलं, की शिवल्यावर सहा आठवडे हात झोळीत. "शिवेन मी. आंघोळ कोण घालणार? बटणं कोण लावणार?" हे त्यांचं पालुपद. एमआरआय नंतर, आधी घरचं माणूस. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा इतक्या चौकशा करत नाहीत! इतर सर्जनांकडे पेशंटची रांग असते, आमच्याकडे नवऱ्यांची शिकवणी.

लालबागच्या एका काकांनी तर अशी गाठ मारली, की काकू कळवळल्या, "अहो, केस आसत ते, सुंभ न्हय!"

"नापास. पंधरा दिवसांनी या," डॉक्टर म्हणाले. मग स्वतःच उठून त्यांनी काकूंची वेणी झरझर घालून दाखवली. काका शिकून आले, तेव्हाच काकूंचा खांदा शिवला गेला.

दिवाळीत माळ्यावरची ट्रंक काढताना डॉक्टरांचाच उजवा खांदा फाटला. स्नायू अजून चांगला होता. उशीर केला तर त्याची चरबी होते आणि मग शिवून उपयोग नसतो, हे दुसऱ्यांना दटावून सांगणारे हेच. त्यांचे सर्जन मित्र ऑपरेशन करायला तयार होते. पण दोन महिने झाले, हे आपले भांग विस्कटलेला, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, असेच फिरतायत. शेवटी मी चिडलोच.

"सर, तारीख का घेत नाही?"

"केस उत्तम आहे. पेशंट नापास. घरी कोण आहे?"

सरांच्या पत्नी, आमच्या मॅडम, जाऊन चार वर्षं झाली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "वेणी कुठे शिकलात?"

"शेवटी शेवटी तिचे हात वर जात नव्हते. रोज मीच घालायचो."

मला फार वाईट वाटलं, आणि इतके दिवस हसत होतो याची लाजही. "मी आहे ना सर," मी म्हणालो.

"असं? बटणं लाव."

मी पुढे झालो. वर्षभर लोकांचे खांदे हलवणारे माझे हात, पण दुसऱ्याचं बटण कधी लावलं नव्हतं. डॉक्टर मान वर करून शाळेतल्या पोरासारखे उभे होते. वरचं बटण मी चुकीच्या काजात घातलं.

"नापास," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "तारीख घे. पंधरा दिवसांनंतरची."